कॉम्प्युटर बदलण्याआधी ड्रायव्हरची चौकशी करा

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळतात, पण ती मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था, शाळा आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचे छोटे कारखाने यांच्यापुढे कॉम्प्युटर बदलण्याचा प्रश्न उभा आहे. नवा कॉम्प्युटर येतो, चालू होतो, इंटरनेटही लागते. आणि संध्याकाळी दूध संकलनाच्या वेळी वजनकाट्याचा आकडा काही स्क्रीनवर उमटत नाही. मग कोणीतरी सांगते, ‘ड्रायव्हर अपडेट करा.’ हा सल्ला बहुतेक वेळा अर्धाच बरोबर असतो आणि उरलेल्या अर्ध्यापायी काम आणखी चिघळते, म्हणून हे पत्र.

ड्रायव्हर म्हणजे अमुक एका यंत्राशी कसा व्यवहार करायचा हे विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम. एक्सेल अडकले तर फक्त एक्सेल बंद पडते. बरेचसे ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये चालतात; तिथे काही चुकले की अख्खा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कर्नेल ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले ते याच दिवशी. त्यामुळे यंत्र नीट चालत असेल तर ड्रायव्हरला हात लावू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. तो बदलायची कारणे मोजकी आहेत: यंत्र चालत नाही, विंडोज बदलली, किंवा त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची त्रुटी असल्याचे उत्पादकाने जाहीर केले.

विंडोज बदलताना पहिला अडथळा ३२ आणि ६४ बिटचा, म्हणजे विंडोज एका वेळी किती माहिती हाताळते त्या मापाचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिट विंडोजवरचे हिशेबाचे किंवा संकलनाचे सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर बहुधा चालून जाते, पण ३२ बिट ड्रायव्हर तिथे कधीच चालत नाही. कितीही खटपट केली तरी नाही. जुन्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट या ठिकाणी ‘सिस्टम टाइप’ अशी ओळ असते. तिथे ३२ बिट दिसले तर त्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा ६४ बिट ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवर आहे का, ते नवा कॉम्प्युटर घेण्याआधी पाहावे. नसेल तर दोनच मार्ग राहतात. यंत्र बदलायचे, किंवा जुना कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून त्या एका यंत्रापुरता ठेवायचा. जुनी सीएनसी (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणारी) मशीन असलेल्या कारखान्यांना दुसरा मार्ग स्वस्त पडतो आणि त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्यात लावायच्या पेनड्राइव्हवर नजर ठेवावी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो यूएसबी-टू-सीरियल केबलचा. वजनकाटा, दुधातले फॅट मोजणारे फॅट मशीन, भुईकाट्याचा इंडिकेटर, सीएनसीला प्रोग्रॅम पाठवण्याची लाइन, या सगळ्यांना जुना नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागतो. नव्या कॉम्प्युटरला तो नसतो, म्हणून मध्ये ही केबल येते. दिसायला सगळ्या सारख्या, पण आत चिप कोणाची आहे त्यावर ड्रायव्हर ठरतो. केबल उघडायची गरज नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्या केबलच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडी (उत्पादकाचा ओळखक्रमांक) या अक्षरांपुढे चार अंक-अक्षरे दिसतील. ०४०३ असेल तर एफटीडीआय, ०६७बी असेल तर प्रोलिफिक, १ए८६ असेल तर चिनी बनावटीची सीएच३४० मालिका, १०सी४ असेल तर सिलिकॉन लॅब्ज. ड्रायव्हर त्या चिप उत्पादकाच्याच साइटवरून घ्यायचा, केबलच्या पाकिटावर कोणतेही नाव छापलेले असो.

आता प्रोलिफिकची गंमत पाहा. पीएल२३०३ या चिपच्या जुन्या एचएक्सए आवृत्तीच्या नकली प्रती बाजारात इतक्या झाल्या की कंपनीने नव्या ड्रायव्हरमध्ये त्या आवृत्तीचा पाठिंबाच काढून टाकला. विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर आपोआप चढवला की काल चालणारी केबल आज ‘कोड १०’ (यंत्र सुरू होत नाही) दाखवते, किंवा तिच्या नावाच्या जागी ‘फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर’ अशी ओळ येते. म्हणजे ड्रायव्हर जुना झाला म्हणून नव्हे, नवा झाला म्हणून केबल बंद पडली! अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टवर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ असे जावे. जुनी आवृत्ती आधीपासून कॉम्प्युटरमध्ये असेल तर यादीत दिसते आणि ती निवडता येते. एफटीडीआयने २०१४ मध्ये याहून पुढची मजल मारली होती. विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपचा पीआयडी, म्हणजे मॉडेलचा ओळखक्रमांक, शून्य करून टाकत होता, त्यामुळे ती केबल दुसऱ्या कॉम्प्युटरलाही ओळखू येईनाशी झाली. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. काट्याचा हिशेब ज्या केबलवर अवलंबून आहे ती खात्रीच्या दुकानातून, बिलावर चिपचे नाव लिहून घेऊनच आणावी.

केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक असूनही आकडा येत नसेल तर कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने त्या सीरियल जोडणीला दिलेला, क्रमांक पाहा. काल कॉम ३ होता आणि आज झाडलोट करताना केबल शेजारच्या सॉकेटमध्ये गेली, की स्वतःचा सीरियल क्रमांक नसलेल्या चिपला विंडोज नवा क्रमांक देते. सॉफ्टवेअर बिचारे अजून कॉम ३वरच वाट पाहत बसते. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड इथे जाऊन क्रमांक पुन्हा ३ करता येतो. तिथे ३ पुढे ‘इन यूज’ लिहिलेले असेल तर व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ लावा. फिकट दिसणारे जुने पोर्ट काढून टाकले की क्रमांक मोकळा होतो. सॉकेटवर पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवली तर ही वेळच येत नाही. आणखी एक तक्रार वारंवार ऐकू येते ती म्हणजे सकाळी काटा चालतो, थोडा वेळ काम थांबले की बंद. तिथे ड्रायव्हर बदलू नका. यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमधला पॉवर मॅनेजमेंट टॅब उघडून ‘वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्या’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढची खूण काढा. बॉड रेट (आकडे पाठवण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासण्याची खूण) काट्याच्या इंडिकेटरवर असतील तशाच सॉफ्टवेअरमध्ये हव्यात. त्या जुळल्या नाहीत तर पोर्ट उघडतो पण आकड्यांऐवजी कचरा येतो, आणि त्यात ड्रायव्हरचा काडीचा संबंध नसतो.

आता त्या ‘तुमचे २७ ड्रायव्हर कालबाह्य आहेत’ म्हणणाऱ्या जाहिरातींविषयी. फुकट तपासणी करून शेवटी पैसे मागणारी ही सॉफ्टवेअर बहुधा ड्रायव्हरची तारीख पाहून घाबरवतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड, माऊस, डिस्क यांच्या ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६ दिसते. ती मायक्रोसॉफ्टने मुद्दाम तशी ठेवली आहे. उत्पादकाचा ड्रायव्हर आला की त्याची तारीख नवी ठरून त्याला आपोआप प्राधान्य मिळावे, एवढाच हेतू. इंटेलच्या चिपसेटच्या काही नोंदींवर तर १८ जुलै १९६८ दिसते. त्या दिवशी इंटेल कंपनी स्थापन झाली. विंडोजचा तेव्हा पत्ताही नव्हता. इथेही कारण तेच: चिपसेटच्या या फाइल्स बहुतांशी यंत्राला नाव देण्यापुरत्या असतात, त्यांनी दुसरा खरा ड्रायव्हर खाली ढकलू नये म्हणून तारीख मागे नेली आहे. आवृत्तीचा क्रमांक पाहावा, तारखेला भुलू नये. ही अपडेटर सॉफ्टवेअर काढून टाका, आणि त्यांनी कार्डचा तपशील मागितला तर देऊ नका.

मग ड्रायव्हर घ्यायचा कुठून? लॅपटॉप किंवा ब्रँडेड कॉम्प्युटर असेल तर तळाशी चिकटवलेला सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर उत्पादकाच्या सपोर्ट पानावर टाका. त्या नेमक्या मॉडेलची यादी मिळते. जुळवलेला कॉम्प्युटर असेल तर मदरबोर्डचे मॉडेल पाहा, ते बोर्डावरच छापलेले असते. यूएसबी यंत्रासाठी त्या यंत्राच्या किंवा चिपच्या उत्पादकाकडे जा. विंडोज अपडेटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ असतात, त्यात ड्रायव्हरही असतात. यंत्र अडले असेल तरच तिथून घ्यावेत, सगळ्यांना टिक करून मोकळे होऊ नये. सर्च केल्यावर सर्वांत वर दिसणारी ‘ड्रायव्हर डाउनलोड’ साइट बरेचदा जाहिरातीची असते.

बदल करताना क्रम असा ठेवा. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या ड्रायव्हर टॅबचा मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे आत्ताची आवृत्ती हाताशी राहते. मग स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्हचे प्रोटेक्शन चालू आहे का पाहा. अनेक कॉम्प्युटरवर ते बंदच असते. चालू करून रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडल्यास मागे परतता येईल अशी विंडोजची नोंद, घ्या. एका वेळी एकच ड्रायव्हर बदला. यूएसबी यंत्राला स्वतःचा सेटअप असेल तर आधी तो चालवायचा आणि त्याने सांगितल्यावरच केबल लावायची. उलटे केले की विंडोज स्वतःचा कुठला तरी ड्रायव्हर लावून मोकळी होते. बिघडले तर त्याच टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. ते बटण फिके असेल तर मागची आवृत्ती साठवलेली नाही असे समजावे आणि रिस्टोअर पॉइंटकडे वळावे.

शेवटी रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणे हे रीस्टार्ट नव्हे. विंडोज १० आणि ११मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असते, त्यात शटडाउनच्या वेळी कर्नेलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परततो. ‘रोज रात्री बंद करतो तरी प्रिंटर तसाच’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच असते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडलेल्या यंत्रावर दिसणाऱ्या पिवळ्या त्रिकोणामागचा कोड वाचायची सवय लावली तर निम्मी धावपळ वाचेल. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण यंत्र सुरू होत नाही. कोड ४३ मध्ये यंत्रानेच बिघाड कळवलेला असतो, तिथे आधी केबल आणि सॉकेट बदलून पाहावे. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटली नाही. अशा वेळी सहीची तपासणीच बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. कोड ३९ बरेचदा ‘मेमरी इंटिग्रिटी’ (कर्नेलचे रक्षण करणारी विंडोजची सोय) चालू असल्याने जुना ड्रायव्हर अडवला गेला की येतो.

जुना ड्रायव्हर अडवण्यामागे कारण आहे. २०२०च्या सुमारास रॉबिनहूड नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने गिगाबाइटचा एक जुना, वैध सहीचा पण सदोष ड्रायव्हर स्वतःबरोबर आणून त्याच्या आधारे अँटीव्हायरस बंद पाडला होता. ऑक्टोबर २०२५च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत वर्षानुवर्षे येत असलेला अॅगेरे मोडेमचा ड्रायव्हर त्यातल्या त्रुटीमुळे काढूनच टाकला. त्यावर चालणारे फॅक्स मोडेम त्यामुळे बंद झाले. कोणाच्या कार्यालयातले असे मोडेम अचानक बंद पडले असेल तर त्याचे कारण हे.

प्रिंटरविषयी थोडे. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही दणकट यंत्रे आपल्याकडच्या कार्यालयांत अजून भरपूर आहेत. दोन्हींना स्वतःची छपाईची भाषा नाही. पान कॉम्प्युटरमध्ये तयार होते आणि प्रिंटर फक्त ते उमटवतो. म्हणून त्यांना सर्वसाधारण ड्रायव्हर चालत नाही, नेमका त्यांचाच लागतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबेल आणि आयपीपी या समाईक पद्धतीवर भर राहील. चालू आहेत तोवर हे प्रिंटर जरूर वापरा आणि त्यांच्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा, पण सेकंडहँड घेऊ नका. नवा घेताना खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छपाईच्या पद्धती) लिहिलेला घ्यावा.

पावतीच्या डॉट मॅट्रिक्सला ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ हा विंडोजमधलाच ड्रायव्हर चालतो, पण त्यावर मराठी अक्षरे येत नाहीत, कारण तो प्रिंटरच्या पोटात असलेलीच अक्षरे छापतो. मराठी पावती चित्र म्हणून छापावी लागते, त्यासाठी मॉडेलचा खरा ड्रायव्हर हवा. नव्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पावतीनंतर वीतभर कागद कोरा सरकत असेल तर ड्रायव्हर नव्हे, कागदाचे माप चुकले आहे. जुन्या कॉम्प्युटरवर कोणीतरी ते माप प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये नवा फॉर्म करून भरलेले असते, आणि ते नव्यावर आपोआप येत नाही. ऑफिसातल्या सामाईक प्रिंटरचा ड्रायव्हर बसवताना अॅडमिन पासवर्ड विचारला जातो तो ऑगस्ट २०२१पासून, विंडोजच्या छपाई व्यवस्थेतल्या प्रिंटनाइटमेअर या सुरक्षा त्रुटीनंतर. तो विचारू नये म्हणून ही सुरक्षा काढून टाकण्यापेक्षा एकदाच अॅडमिनने येऊन प्रत्येक कॉम्प्युटरवर ड्रायव्हर बसवावा.

सेवा केंद्रांतल्या बोटाच्या ठशांच्या यंत्राला ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी नोंदणीकृत यंत्राचे सॉफ्टवेअर) असे दोन वेगळे भाग लागतात. पिवळा त्रिकोण नसूनही पोर्टल ‘नॉट रेडी’ म्हणत असेल तर सर्व्हिसेसमध्ये आरडी सर्व्हिस ‘रनिंग’ आहे का आणि कॉम्प्युटरचे घड्याळ बरोबर आहे का ते पाहा. यंत्र जुन्या एल-झिरो वर्गातले असेल तर ते बदलून ठशांची माहिती यंत्राच्या आतच सांकेतिक करणारे एल-वनच घ्यावे लागते, तिथे ड्रायव्हरने काही होणार नाही. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे, करणाऱ्यांनी ग्राफिक्सचा सगळ्यात ताजा ड्रायव्हर न घेता आपल्या कॅड सॉफ्टवेअरने प्रमाणित केलेली आवृत्ती घ्यावी. गेम खेळणाऱ्यांचे गणित वेगळे.

बायोस (कॉम्प्युटर चालू करणारा, मदरबोर्डातला प्रोग्रॅम) हा ड्रायव्हर नव्हे, पण अपडेटच्या यादीत तोही येतो. तो लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्डच बाद होऊ शकतो. पावसाळ्यात यूपीएसशिवाय त्याला हात लावू नये. आणि आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्यावी, नाहीतर पुढच्या वेळी चालू करताना कॉम्प्युटर तीच मागत बसेल.

नव्याने विंडोज चढवताना इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब नसते. डिस्क सांभाळणाऱ्या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर फोल्डरमध्ये उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने द्या. वाय-फायचा ड्रायव्हर नसल्याने पुढे अडले तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट कॉम्प्युटरला देणे) चालू करा, त्यावर बहुधा काम भागते.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आणि विक्रेत्यांना दोन विनंत्या. जुना कॉम्प्युटर मोडीत देण्याआधी त्यातल्या सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर या मार्गावरचे ‘फाइल रिपॉझिटरी’ फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ६४ बिट विंडोज असेल तर त्यातले जुने ड्रायव्हर ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ने नव्यावर देता येतात. आणि कोटेशन मागवताना रॅम, डिस्क यांच्याबरोबर एक ओळ वाढवा: ‘संस्थेचा काटा, फॅट मशीन, पावती प्रिंटर आणि ठशांचे यंत्र नव्या कॉम्प्युटरवर जोडून दाखवल्यानंतर आणि सर्व ड्रायव्हर पेनड्राइव्हवर दिल्यानंतरच बिल अदा केले जाईल.’ साखर कारखान्यांच्या भुईकाट्यांची ही चाचणी गाळप संपल्यावर, उन्हाळ्यातच उरकावी; गव्हाणीसमोर ट्रॅक्टरांची रांग लागल्यावर कॉम पोर्ट शोधायला कोणाला सवड नसते.

कळावे,
आपला,
एक संगणक तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर